वज्रश्वास वर येतो का?

तारळेकर सरांच्या स्वयंपाकघरात होतं ते असं: दोन शेगड्यांचा गॅस एक. पितळी डबे सात, त्यांतल्या एकाला झाकण नाही. लाकडी खुर्ची एक, तिच्यावर सर. त्यांच्या नाकातून निघालेली ऑक्सिजनची पारदर्शक नळी, उंबरा ओलांडून बाहेरच्या खोलीतल्या यंत्रापर्यंत गेलेली, अंदाजे सात मीटर. कॅलेंडर एक, डिसेंबरचं. दगडी पाटा एक, भिंतीला टेकवून उभा. वरवंटा नव्हता.

मोजायची ही सवय मला कॉलेजात लागली. प्रयोगाला हात लावण्याआधी टेबलावर काय आहे ते वहीत लिहायचं आणि काय नाही तेही लिहायचं, असं आमच्या फिजिऑलॉजीच्या मॅडम सांगत. पदवी घेऊन मला दीड वर्ष झालं होतं. मिरजेतल्या एका हॉस्पिटलात मी फुफ्फुसांच्या तपासणीच्या खोलीत काम करत होते.

"झालं का मोजून?" सर म्हणाले.

"झालं."

"किती डबे?"

"सात. एकाचं झाकण नाही."

"बघ गं," ते काकूंना म्हणाले. "चाळीस वर्षं तू म्हणतेस झाकण आहे."

"आहेच," काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या. "माळ्यावर आहे. तुम्ही आधी नळी नीट घाला, मग साक्षीदार बोलवा."

सरांची माझी ओळख तपासणीच्या खोलीतली. त्यांची फुफ्फुसं दोन वर्षांपासून कडक होत चालली होती. आमच्याकडच्या एका तपासणीत पेशंटनं यंत्रातली हवा पूर्ण आत घेऊन दहा सेकंद श्वास रोखून धरायचा असतो. सर सहाव्या सेकंदाला सोडत. तिसऱ्यांदाही सहालाच सोडला तेव्हा ते खोकत खोकत हसले आणि म्हणाले, "बिरनाळे बाई, माझा हिरो चाळीस सेकंद धरतो. मला सहा जमत नाहीत."

तेव्हा मला कळलं की एका हायस्कुलातून रिटायर झालेल्या या चित्रकलेच्या सरांनी मुलांच्या एका मासिकात अकरा वर्षं चित्रकथा काढली होती. नायकाचं नाव वज्रश्वास. तो श्वास रोखून धरतो तेवढा वेळ त्याच्या अंगात शंभर माणसांचं बळ येतं. माझ्या बाबांना तो माहीत होता. "आम्ही वर्गात चौकटी मोजत वाचायचो," ते म्हणाले होते. "श्वास धरून. मध्ये सोडला तर आऊट."

त्या डिसेंबरात वज्रश्वासवर सिनेमा आला. सरांना नळी आणि यंत्र सोडून टॉकीजला जाणं शक्य नव्हतं आणि काकू जाणार नाही म्हणाल्या. म्हणून सरांनी मला गाठलं.

"तुम्ही रिपोर्ट लिहिता तसाच लिहा. जमेच्या बाजू, उण्या बाजू. उगीच म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. आकडे असतील तर आकडे द्या."

मूळ कथा माहीत असावी म्हणून त्यांनी मला हिरव्या कापडी बांधणीचा एक खंड दिला. मी तो एका बैठकीत वाचला. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात बारीक आकडा होता, म्हणजे एक चौकट एक सेकंद. प्रत्येक अंकात नायक पाण्यात किंवा धुरात किंवा ढिगाऱ्याखाली शिरायचा, आणि चाळिसाव्या चौकटीत काम अर्धवट टाकून परत यायचा. मग दम घेऊन पुन्हा आत. चाळिसाव्या चौकटीत दर वेळी, अगदी धुरातसुद्धा, तेच शब्द होते: 'चाळीस. दगड सोड. वर ये.' मला हे थोडं विचित्र वाटलं. एका अंकात तर नायकाचा हात पेटीला लागलेला असताना तो वर आला, आणि पेटी वाहून गेली ती गेलीच.

शुक्रवारी मी सिनेमा पाहिला, शनिवारी रिपोर्ट लिहिला, आणि रविवारी सकाळी त्या स्वयंपाकघरात बसून तो वाचायला घेतला.

"उण्या बाजू आधी वाचा," सर म्हणाले. "औषध आधी, गूळ नंतर."

"एक. खलनायक आपला बेत तीन वेळा सांगतो. तिसऱ्यांदा ऐकायला तिथं कुणी नसतं."

"मग कुणाला सांगतो?"

"आपल्याला."

सर हसले. हसताना त्यांचे खांदे वर जात आणि तिथंच थांबत.

"दोन. नायकाला एक बहीण दिली आहे. तिला चार वेळा वाचवलं जातं. त्याखेरीज तिला काम नाही. तीन, गाणी चार. त्यातलं एक पाण्याखाली."

"पाण्याखाली गातो? तोंड उघडून?"

"नाही. मागून वाजतं. तोंड मिटलेलं आहे."

"मग चालेल. पुढं?"

"चार. शेवटी तो उडतो. का उडतो, ते सांगितलेलं नाही."

"उडू दे बापडा. पोस्टरवर बरं दिसत असेल."

काकू कणीक मळत होत्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

"आता जमेच्या बाजू. एक, नायकाचं काम करणारा नट. श्वास धरल्यावर चेहरा हलवता येत नाही, तर तो फक्त डोळ्यांनी काम करतो. दोन, आवाज. तो श्वास धरतो तेव्हा बाकी सगळे आवाज बंद होतात आणि फक्त छातीचे ठोके ऐकू येतात. ठोके हळूहळू मंद होत जातात, शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पाण्यात बुडी मारल्यावर तसंच होतं."

"वा," सर म्हणाले. "हे मला कधी सुचलं नाही. कागदावर ठोका कसा काढणार?"

"तीन. ही सगळ्यात मोठी जमेची बाजू." मी हे वाचताना माझा आवाज जरा चढला होता, मला आठवतं. मी त्या परिच्छेदावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. "धरणाच्या दाराचा प्रसंग. नायक दगड धरून तळाला जातो आणि दार उचलतो. हे सगळं न तोडता, एकाच सलग दृश्यात दाखवलं आहे. मी वेळ लावली. चार मिनिटं दहा सेकंद. मूळ कथेतली चाळीस सेकंदांची मर्यादा काढून टाकल्यामुळे नायक अधिक समर्थ वाटतो आणि मुळातली एक उणीव भरून निघते."

बाहेरच्या खोलीतलं यंत्र दर काही सेकंदांनी सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करायचं. काकूंचे हात कणकेत थांबले होते.

"म्हणजे वर येत नाही?" सरांनी विचारलं.

"येतो की. काम झाल्यावर."

"मधे?"

"मधे नाही."

"दगड सोडत नाही?"

"नाही सर. शेवटपर्यंत पोटाशी धरलेला असतो."

सरांनी मान हलवली. "छान लिहिलंय," ते म्हणाले. "मुद्देसूद आहे." मग ते उठले, नळी हातात गोळा करत करत बाहेरच्या खोलीत गेले आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मी कागद घडी घालून पिशवीत ठेवला. माझं काय चुकलं ते मला कळत नव्हतं, पण काहीतरी चुकलं होतं. "मी निघते काकू," मी म्हटलं.

"बस," काकू म्हणाल्या.

त्यांनी हात धुतले, पुसले, आणि आतल्या कपाटातून तसाच एक हिरवा खंड आणला. माझ्याकडे होता त्याच्यावर दोन आकडा होता. याच्यावर एक होता. तो अस्तित्वात असेल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दोन आकडा पाहून एक कुठं आहे हे मी विचारलं नव्हतं.

"घरी नेऊ नकोस. इथंच बघ. शेवटचा अंक."

शेवटचा अंक एप्रिल १९८५ चा होता. चौकटींच्या कोपऱ्यात आकडे नव्हते. वज्रश्वास एका विहिरीच्या काठावर उभा होता. पुढच्या चित्रात त्यानं पोटाशी एक दगड धरला होता. त्याखाली लिहिलं होतं: 'छातीत हवा भरली की माणूस तरंगतो. म्हणून वज्रश्वास वजन घेऊन तळाला जातो!' मग तो तळाशी होता. पानभर तळाशी होता. पुढच्या पानावरही.

मी मागं जाऊन दगडाचं चित्र पुन्हा पाहिलं. तो नुसता दगड नव्हता. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये हात लागून गुळगुळीत झालेला, आणि एका टोकाला टवका उडालेला. एक एक रेघ पाहून काढलेली होती.

मी भिंतीशी उभ्या पाट्याकडे पाहिलं.

"काकू, वरवंटा…"

"विहिरीत आहे," काकू म्हणाल्या.

त्यांनी कणकेचा गोळा ताटाखाली झाकला. मग त्या बोलल्या ते त्याच आवाजात, जसं झाकण माळ्यावर आहे म्हणाल्या होत्या.

"इथंच, मागं मळा होता. आता ती बिल्डिंग आहे ना पिवळी, तिथं. आमचा निरंजन नऊ वर्षांचा होता. चित्र काढताना ह्यांनी वरवंटा समोर पाटावर ठेवला होता, हुबेहूब यायला हवा म्हणून. तो शेजारी बसून बघत होता. मी दोनदा ओरडले, मला चटणी वाटायची आहे, वरवंटा द्या. देतो म्हणाले नाहीत, थांब म्हणाले. अंक छापून आला, सुट्टी लागली. एक दिवस मी वाटण करायला बसले तर वरवंटा नाही. मी म्हटलं, पुन्हा चित्राला नेला असेल. निकालाचं काम आटपून शाळेतून येईपर्यंत वाट बघितली. ह्यांची."

मी खंड मिटून मांडीवर ठेवला.

"त्याला काढला. वरवंटा राहिला तळाला. कोण काढणार? मग मालकानं विहीर बुजवली."

बाहेरून सरांचा आवाज आला. ते कॉटवर उठून बसले होते. एका दमात चार-पाचच शब्द बोलत.

"खोटं काढायचं नाही, ही माझी खोड. दगडाशिवाय माणूस तळाला जात नाही. मी वाचलं होतं कुठंतरी. नुसता बुडी मारताना काढला असता तर… पोरगं तरंगलं असतं."

मी त्यांच्यासमोर स्टुलावर जाऊन बसले. काकू दारात उभ्या राहिल्या.

"चार महिने काही काढलं नाही. संपादक रोज पत्र टाकायचे. पोरं विचारतात, वज्रश्वास मेला का? मग मी शाळेत काय केलं, पाचवीच्या दोन वर्गांना बसवलं. अठ्ठ्याहत्तर पोरं. श्वास धरायला लावला आणि घड्याळ लावलं. पंचेचाळीसच्या वर कुणी गेलं नाही. त्यातून पाच वजा केले. वर यायला लागतात."

"म्हणून चाळीस," मी म्हटलं.

"म्हणून चाळीस. संपादक म्हणाले, हिरो पळून येतो, पोरांना आवडणार नाही. पण पोरं मोजायला लागली. मोठ्यानं. गावोगावची पत्रं यायची, सर आम्ही चाळीसला सोडला. मी सगळी ठेवली आहेत."

"सिनेमावाल्यांना सांगितलं नाहीत?"

"चाळीस ठेवा म्हणून सांगितलं. दोनदा लिहिलं. हो म्हणाले. एक पोरगा होता, अंगात वज्रश्वासचा टी-शर्ट, तो म्हणाला, सर, तीच त्याची वीकनेस आहे ना, आम्ही नक्की ठेवू."

"आणि कारण?"

"कारण सांगितलं असतं तर तेही सिनेमात घातलं असतं."

यंत्रानं तीनदा सुस्कारा टाकला.

"तिथं पोरं काय करत होती?" त्यांनी विचारलं. "त्या चार मिनिटांत?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मला पडदा आठवत होता आणि हातातल्या मोबाइलवरचे पळणारे आकडे. "मी पाहिलं नाही सर. मी घड्याळाकडे बघत होते."

"मग एकदा पुन्हा जा," ते म्हणाले. "पडद्याकडे बघू नका. पोरांकडे बघा. कोण धरतंय, केव्हा सोडतंय, लिहून आणा. आणि चाळीस झाले की…"

"अहो, ती पोरगी काय थेटरात ओरडणार आहे का?" काकू म्हणाल्या.

"तिनं नाही ओरडायचं तर कुणी ओरडायचं? मला सहा सेकंद पुरत नाहीत."

मी शाळेत वक्तृत्वाला कधी उभी राहिले नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नसे. हे मी त्यांना सांगितलं नाही. "जाते," म्हटलं.

पुढच्या रविवारी दुपारी तीनच्या खेळाला मी गेले. कडेची खुर्ची घेतली, तिथून वळून बसलं की मागच्या चार ओळी दिसत. प्रेक्षक त्रेसष्ट, त्यात बारा वर्षांखालची वाटावीत अशी मुलं एकोणीस. मी वहीत खुर्च्यांचा नकाशा काढला आणि मुलांना आकडे दिले.

धरणाचा प्रसंग आला. पडद्याचा निळा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला. आवाज बंद झाले, ठोके सुरू झाले, आणि मी मोबाइलवर वेळ लावली.

मुलं श्वास धरत होती. मला ते आधी खरंच वाटलं नाही. एकीनं नाक चिमटीत धरलं होतं. दोघं भाऊ एकमेकांकडे बघत गाल फुगवून बसले होते. एकोणीसमधली अकरा. बाकीची खात होती किंवा पेंगत होती. मी अंधारात न बघता आकडे लिहीत गेले. नाक धरलेली बाराला सुटली. भावांमधला धाकटा खुदकन हसला, थोरल्यानं त्याला चापट मारली आणि त्यातच त्याचाही सुटला. बत्तीस सेकंदांनी एकच उरला.

तो माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून होता. आठ-नऊ वर्षांचा. गाल फुगवलेले नव्हते, तोंड नुसतं घट्ट मिटलेलं. डोळे पडद्यावर. हातात पाण्याची बाटली होती आणि ती त्यानं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. त्याच्या पलीकडे त्याची आई, पदराशी चाळा करत, पडद्याकडे बघत होती.

पस्तीस. त्याची मान किंचित थरथरायला लागली.

अडतीस. मी पेन खाली ठेवलं.

मी उठून उभी राहिले. "चाळीस!" मी ओरडले. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "चाळीस! दगड सोड! वर ये!"

ठोके चालूच होते. मग कुणीतरी शिट्टी मारली.

"ओ ताई, त्याला ऐकू येत न्हाई, पाण्यात हाय त्यो!"

हशा झाला. मागून एक जण म्हणाला, "खाली बसा की, दिसंना झालंय." बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर आला आणि त्यामागून डोअरकीपर. "काय झालं मॅडम? बरं वाटंना व्हय?"

"नाही, बरी आहे," मी म्हटलं.

"मग गप बसा की. सगळी चित्र बघाय आल्यात."

मी बसले. दोन खुर्च्या सोडून तो मुलगा तोंड उघडून मोठे मोठे श्वास घेत होता. बाटली त्याच्या मांडीवरून घरंगळून खाली पडली होती. त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं.

"मी अजून धरणार होतो," तो म्हणाला.

पडद्यावर अजून साडेतीन मिनिटं बाकी होती.

मी संध्याकाळी सरांकडे गेले. आठवड्यात यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा मिनिटाला दोन लिटरवरून चारावर गेला होता. त्यानंतर ते सहा आठवडे जगले, पण नीट बसून बोलले ते त्या दिवशीच. काकूंनी त्यांच्या पाठीशी दोन उशा लावल्या, आणि या वेळी स्वतः आत न जाता कॉटच्या पायथ्याशी बसल्या. स्वयंपाकघराच्या दारातून पाटा दिसत होता.

"उण्या बाजू, जमेच्या बाजू?" सरांनी विचारलं.

"या वेळी तसं लिहिलं नाही. नुसती निरीक्षणं आहेत."

"निष्कर्ष?"

"काढला नाही."

"बरं केलंत. वाचा."

"हजर मुलं एकोणीस," मी वाचलं. "श्वास धरलेली अकरा. सोडल्याची वेळ सेकंदांत: नऊ. बारा. बारा. पंधरा. अठरा. सव्वीस. सत्तावीस. सत्तावीस. एकतीस. बत्तीस."

सरांचं बोट चादरीवर प्रत्येक आकड्याला टेकत होतं.

"हे दहाच झाले," ते म्हणाले.

"हो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "अकरावा?"

मी पान उलटलं.

"मुलगा, वय अंदाजे नऊ," मी वाचलं. "चाळीस सेकंद. सांगितल्यावर सोडला."